मार्थाबाईच्या वहीतली दोन पानं

१

वहीतली दोन पानं गेली होती. चौथं आणि नववं.

सुलक्षणाबाईंना हे कळलं ते शनिवारी सकाळी, दौंडच्या आपल्या घरी, चहाचं आधण ठेवता ठेवता. फोनवर सत्यजीत होता, न्हावऱ्याच्या जयसिंग आबांचा मुलगा. एरवी 'मॅडम, जेवलात का' असं विचारणारा माणूस. आज त्यानं नमस्कारसुद्धा केला नाही.

"वही तुमच्याकडंच व्हती ना आठ दिवस?"

"होती. बुधवारी मी स्वतः आबांच्या हातात दिली."

"मग चार नंबरचं आन् नऊ नंबरचं पान कुठं हाय?"

बाईंनी गॅस बंद केला. बंद केला की नाही म्हणून परत बघितलं. गेल्या वर्षीच्या तापानंतर त्यांचं असंच झालं होतं. दौंडच्या कॉलेजात एकतीस वर्षं इतिहास शिकवला, सनावळ्या तोंडपाठ. पण आता चष्मा फ्रिजमध्ये सापडायचा. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

"मी येते," त्या म्हणाल्या.

"याच. परवा ती अमेरिकेची पाव्हणी येतीया. तिला काय दावायचं आमी?"

ती वही साधी नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी शिरूरला, म्हणजे तेव्हाच्या लोकांच्या तोंडच्या घोडनदीला, मिशनच्या ठाण्यावर मार्था नावाची एक अमेरिकन बाई राहायची. तिनं ती वही आपल्या हातानं शिवली होती आणि तीत आपल्या घराण्याचा इतिहास लिहिला होता. पहिला भाग इंग्रजी. आठ वर्षांची असताना आईबापांबरोबर बैलांच्या छपरी गाडीतून निघाली, माळरानं आणि डोंगर तुडवत सहा महिने चालली, पार पश्चिमेच्या टोकाला, ऑरेगॉनला पोचली. वाटेत धाकटी बहीण रूथ जन्मली आणि पुढच्याच पंधरवड्यात आई पटकीनं गेली. आईला त्यांनी वाटेवरच, गाड्यांच्या चाकोरीत पुरलं आणि मागच्या सगळ्या गाड्या तिच्यावरून नेल्या. का, तर जनावरांनी आणि माणसांनी ती जागा ओळखून उकरू नये. पुरण्याआधी मार्थानं आईच्या झग्याचा एक तुकडा कापून घेतला होता. वहीच्या पहिल्या पानावर तो शिवलेला होता.

मोठेपणी तिचं लग्न झालं, ती विधवा झाली आणि घोडनदीला आली. मग अठराशे शहात्तरचा दुष्काळ पडला. आईबाप मेलेल्या, टाकलेल्या अकरा मुली तिनं सांभाळल्या, आणि घराण्याच्या त्याच वहीत त्यांची अकरा पानं जोडली. ती मराठी. प्रत्येक पानावर त्या मुलीच्या अंगावरच्या कपड्याचा एक तुकडा. चौथी मुलगी गोदू ही आबांची पणजी; दुष्काळ सरल्यावर तिचा मामा तिला परत घेऊन गेला होता. मरताना मार्थाबाईनं वही तिच्याकडं धाडली, तेव्हापासून ती न्हावऱ्याला त्यांच्या देवघरात होती. तिच्यावर फूल पडायचं. ती उघडून वाचत मात्र कुणी नव्हतं.

रूथची पणती कॅरोल आता सत्तरीची होती आणि सोमवारी येणार होती. तिच्यासाठी इंग्रजी भागाचे फोटो काढून तो बाईंनी टाइप केला होता, मराठी भागाच्या सुरुवातीची अकरा नावांची यादीही. मराठी पानं पुढं सवडीनं घेऊ, असं म्हणून त्यांनी नुसती चाळली होती. त्यांचे फोटोसुद्धा काढले नव्हते.

बाहेर पडण्याआधी त्यांनी घर उलथंपालथं केलं. टेबलाखाली, गादीखाली, कपाटामागं. वही आठ दिवस जेवणाच्या टेबलावर होती. शेजारी वर्तमानपत्रांचा ढीग असायचा. तिथं त्यांची नजर गेली.

ढीग नव्हता. गुरुवारीच त्यांनी रद्दी दिली होती.

२

न्हावऱ्याला एसटीतून उतरेपर्यंत बाईंनी मनात दहादा वही बंद केली आणि दहादा उघडली. पानं सैल होती का? एखादं निसटलं असेल का? रद्दीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, माल कालच गेला.

ओसरीवर आबा बसले होते. पंच्याहत्तरीचा ताठ माणूस, पण आज नजर जमिनीवर. सत्यजीतनं वही समोर ठेवली.

"बघा तुमीच."

बाईंनी आधी कणा पाहिला. मग वही मांडीवर टेकवली. अकरा पानं मार्थाबाईनं एका कडेला जाड दोऱ्यानं शिवून वहीला जोडलेली होती. आता तिथं नऊच होती. फाटल्याची रेघ नाही, कापल्याची कड नाही. शिवण मात्र सलग होती, वरपासून खालपर्यंत.

त्यांनी बोटानं दोरा चाचपला. मूळ शिवणीचा दोरा त्यांनी इंग्रजी भागात पाहिला होता: काळपट, मेणचट. हा तपकिरी होता, पण हलका. नाकाजवळ नेला तर चहाचा वास आला.

पानं निसटली नव्हती. कुणीतरी शिवण उसवून दोन पानं काढली होती आणि चहाच्या पाण्यात रंगवलेल्या दोऱ्यानं बाकीची पुन्हा शिवली होती. इतक्या सफाईनं की दोऱ्याची गाठ कुठं मारलीय तेही दिसत नव्हतं.

रद्दीत गेली नाहीत! बाईंना क्षणभर हायसं वाटलं. त्यांनी ते बोलूनही दाखवलं.

"म्हंजी मुद्दाम काढली," सत्यजीत म्हणाला. "आन् मुद्दाम काढायला आठ दिवस कुणाकडं व्हती वही?"

हायसं वाटणं तिथंच संपलं.

"तुम्ही ती आज का उघडलीत?" बाईंनी विचारलं.

सत्यजीत जरा घुटमळला. "चार नंबरचा फोटो पायजे व्हता. सायलीच्या जातीच्या दाखल्याला जुनी नोंद शोधतोय. गावात निम्म्या घरांनी कागद काढलेत. गोदू पणजीच्या पानावर जात लिवली आसंल, तर तेवढाच आधार."

म्हणजे याला ते पान हवं होतं. हवं असलेलं पान मिळालं असतं तर हा गप्प बसला असता, एवढा आरडाओरडा केला नसता. शिवाय त्याला नववं कशाला?

सायली आतून आली. तेवीस-चोवीसची, आबांची नात. कॅरोलबाईंशी ईमेल तिचेच चालायचे. "मॅडम, माझा नाही विश्वास बसत, पण..." ती थांबली. "बुधवारपासून देवघराला कुलूप नव्हतं. काल पोपटमामा आले होते पाटसहून. आजीला सोडायला. एकटेच बसले होते इथं अर्धा तास."

पोपटराव म्हणजे आबांचे मेहुणे, झुंबरबाईंचे धाकटे भाऊ. नवव्या पानावरची मुलगी ठकी ही त्या भावंडांची पणजी, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. गावातली माणसं त्याचं कौतुक सांगायची: मडमेच्या दोन मुली, आणि पुढं त्यांच्या पणतू-पणतीचं लग्न.

"आन् पोपटमामाला जुन्या कागदांचं येड हाय," सत्यजीत म्हणाला. "वंशावळ काढतोय धा वर्सं. मॅडम, खरं सांगा. तुमी त्येला दिली का पानं?"

"सत्या," आबा पहिल्यांदा बोलले, "बाईमाणसाशी बोलतोस तू." मग बाईंकडं न बघता म्हणाले, "पर वही तुमच्या भरवशावर दिली व्हती. परवा दुपारी पाव्हणी यायची हाय. तवर पानं आली तर देव पावला. न्हाई तर सत्या पोलिसात जाईल, आन् मी त्येला आडवणार न्हाई."

झुंबरबाई चहा घेऊन आल्या. बहात्तरीच्या, बारीक चणीच्या. सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं. शाळेची पायरी चढलेल्या नव्हत्या. बुधवारी बाई वही परत द्यायला आल्या तेव्हा याच ओसरीवर त्यांनी आक्कांना पानांवरचे कापडाचे तुकडे दाखवले होते. आक्का गोधड्या शिवतात, त्यांना आवडेल म्हणून. आक्कांनी एकेक तुकडा बोटानं कुरवाळला होता. मग मध्येच हात थांबला. "डोळं दुखाय लागलं," म्हणून त्या आत गेल्या त्या परत आल्या नव्हत्या.

आज त्यांनी कप ठेवला आणि एक अक्षर न बोलता वळल्या. नेहमी 'साखर बघा जमलीय का' म्हणायच्या. त्याही मला चोर समजतात, बाईंच्या मनात आलं, आणि चहा तसाच राहिला.

निघताना त्यांनी वही पुन्हा एकदा मागितली. गोदू आणि ठकी यांना घराण्यातून पुसायचं असेल, तर आणखी कुठं हात लागलाय ते बघायला हवं होतं. त्यांनी अकरा नावांची यादी उघडली. मोठ्या बाळबोध अक्षरांत सगळी नावं जशीच्या तशी होती. चौथं गोदू, नववं ठकी. कुणी शाईचा ठिपकासुद्धा लावला नव्हता.

हे मात्र नवल होतं. पानं लपवायची होती, तर नावं का ठेवली?

३

रविवारी सकाळी सुलक्षणाबाई पाटसला पोपटरावांच्या दारात उभ्या होत्या. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. पोलीस घरी आले तर शेजारी काय म्हणतील, जुने विद्यार्थी काय म्हणतील. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, आपणच काहीतरी करून विसरलो तर नाही ना? सुईदोरा आपल्याही घरात आहे. चहाही आहे.

पोपटराव कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. गळीत हंगाम सुरू होता, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धडधडत होत्या, त्यामुळं ते दार लावून घेऊन मोठ्यानं बोलले. भिंतीवर ड्रॉइंग पेपर जोडून केलेली वंशावळ होती, खाली ठकीपासून वर नातवंडांपर्यंत.

"सत्याचा फोन आला व्हता. मलाच चोर म्हणतोय, गाढव!"

"तुम्ही शुक्रवारी अर्धा तास एकटे होता तिथं."

"व्हतो की. मॅच बघत व्हतो मोबाईलवर." ते हसले, मग गंभीर झाले. "मॅडम, मला पान पायजे आसतं तर मी झेरॉक्स मागितली आसती. आमच्या दाजींनी न्हाई म्हटलं नसतं. आन् माझ्याकडं पानापेक्षा मोठी खूण व्हती."

"होती?"

"ठकी पणजीची गोधडी. मदी तिच्या लुगड्याचा तुकडा. निळी जमीन, तांबड्या चौकड्या, आन् एका जागी विणकराची चूक, एक पिवळा धागा आडवा गेलाय. लहानपनी आमी त्यो धागा बोटानं धरून झोपायचो, मी आन् आक्का."

"बघू शकते मी?"

"आता कशी बघणार? आक्का घेऊन गेली."

"कधी?"

"गुरवारी. आवचित आली एसटीनं, एकटीच. चार वर्सात माहेरी मुक्काम केला न्हवता. गोधडी काढ म्हणली. मांडीवर घेऊन लई येळ बसली. मी म्हणलं, आक्का, काय झालं गं? तर म्हणली, उसवलीय, शिवून आणते. मॅडम..." पोपटरावांचा आवाज खाली आला. "गोधडी कुठंच उसवलेली न्हवती."

४

परतीच्या एसटीत खिडकीशी बसून बाईंनी एकेक गोष्ट रांगेनं लावली.

ज्यानं पानं काढली त्यानं यादीतली नावं तशीच ठेवली. वाचता येणाऱ्यानं यादी आधी पाहिली असती. म्हणजे काढणाऱ्याला वाचता येत नव्हतं. पण अकरा पानांतून नेमकी दोन काढली. वाचता न येणारा माणूस पान कशावरून ओळखेल? कापडावरून.

दुसरं, शिवण. गाठ दिसत नाही. पुस्तक बांधणारा गाठ मागं मारतो, ती सापडते. दोन थरांच्या मध्ये गाठ लपवतात गोधडी शिवणाऱ्या बायका.

तिसरं, बुधवारी आक्कांचा हात मध्येच थांबला होता. दुसऱ्याच दिवशी त्या माहेरी जाऊन गोधडी घेऊन आल्या. कसली तरी खात्री करून घ्यायला.

कोण, ते कळलं. का, ते मात्र कळेना. आणि पारगावचा पूल ओलांडताना एक वेगळीच धास्ती वाटली: चूल अजून पेटते त्या घरात. पानं जाळली असतील तर?

न्हावऱ्याला पोचल्यावर त्या ओसरीवर गेल्याच नाहीत. घराला वळसा घालून परसात गेल्या. आक्का कांद्याच्या चाळीच्या सावलीत गोणपाटावर बसल्या होत्या. मांडीवर जुनी, मऊ पडलेली गोधडी. हातात सुई नव्हती.

बाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या.

"आक्का, मी कुणाला काही सांगितलेलं नाही."

आत कुठंतरी मिक्सर चालू होता, पाहुणीसाठी चटण्या चालल्या असाव्यात.

"तुमाला धरतील आसं मला वाटलं न्हवतं," आक्का शेवटी म्हणाल्या. "द्येवाशप्पत. मला वाटलं, जुनी वही, दोन पानं कमी झाली तर कुनाला कळतंय? काल सत्या तुमाला वाट्टेल ते बोलला तवा माझ्या तोंडातनं सबूद फुटंना."

"का काढलीत?"

आक्कांनी गोधडीच्या मधला तुकडा सरळ केला. निळी जमीन, तांबड्या चौकड्या. पिवळा धागा आडवा गेलेला.

"गोदूचं पान मला ठावं व्हतं. दर दिवाळीला मीच कुकू लावते त्याला. पर त्यो तुकडा मी कवा नीट बघितला न्हवता, घाईत लावायचा आन् वही मिटायची. बुधवारी तुमी येक येक करून दावलं. आन् नवव्या पानावर बी त्योच तुकडा. त्योच पिवळा धागा, मॅडम. येका लुगड्यात येकदाच चुकतो विणकर. माझ्या अंगात कापरं भरलं. म्हणलं, आपली गोधडी बघून यावी. बघितली. तीच."

"म्हणून?"

"म्हणून काय! येका आईच्या लुगड्यात दोन पोरी म्हंजी काय आसतं? भैनी. सख्ख्या." त्यांनी दोन्ही हात घट्ट धरले. "गोदू यांची पणजी, ठकी माझी. दोगी भैनी, मग त्येंची पोरं मावसभाऊ. आमचं आजे मावसभाऊ, मग आमी कोण? आमी भाऊभैनच की! पन्नास वर्सं मी भावाच्या घरात नांदले."

"पण गोदूच्या मामानं तिला परत नेलं होतं ना? सख्खी बहीण असती तर दोघींना नेलं नसतं का?"

"दुस्काळात दोन तोंडं कोन पोसतंय? थोरलीला न्हेलं आसंल, धाकटीला ठेवलं आसंल." याचाही विचार त्यांनी रात्री जागून केला होता हे दिसत होतं. मग त्यांचा आवाज अगदी लहान झाला. "सत्याच्या आदी माजी दोन गेली, मॅडम. येक अकरा महिन्याचं, येक सव्वा महिन्याचं. कशानं गेली कुनी सांगितलं न्हाई. डाक्टरला बी कळलं न्हाई. आता मला कळलं. ह्या पापानं गेली."

कालपासून सुलक्षणाबाईंना स्वतःच्या अब्रूची काळजी होती. ती एकदम लहान वाटायला लागली.

"पानं कुठं आहेत, आक्का? जाळलीत?"

आक्कांनी मान हलवली. "चुलीपाशी न्हेली व्हती. मडमेच्या हातची शिवण बघितली आन् हात म्हागं आला."

त्यांनी गोधडी उलटी केली आणि कडेचा एक टाका नखानं उचलला.

५

पानं गोधडीच्या दोन थरांमध्ये होती, घडी न पडलेली. बाईंनी ती ओढणीवर ठेवली. चष्मा नेमका सापडेना. पर्समध्ये नाही, गळ्यात नाही. तो डोक्यावरच आहे हे आक्कांनी बोटानं दाखवलं.

शाई विटून तपकिरी झाली होती. मार्थाबाईचं मराठी मिशनच्या शाळेतलं, अनुस्वारांनी भरलेलं. बाईंनी चौथं पान आधी मनात वाचलं, मग नववं. नवव्याच्या मध्यावर त्या थांबल्या. परत पहिल्यापासून वाचलं. आक्का त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होत्या, जसं कुणी तपासणीचा कागद वाचणाऱ्या डॉक्टरकडं बघतं.

"सांगा. काय आसंल त्ये सांगा."

"सांगत नाही, वाचते. तिनं लिहिलंय तसंच." बाईंनी बोट ओळीखाली धरलं. "गोदू. वय अदमासें दहा. बाप जातेगांवचा, पटकीनें वारला. आई वाटेंत वारली. अंगावर आईचें लुगडें आहे. तें कोणास हात लावूं देत नाहीं, रात्रीं उशाशीं घेऊन निजते."

आक्कांनी डोळे मिटले.

"आता ठकीचं. ठकी. वय अदमासें सहा. रावणगांवच्या महादूची मुलगी. आई बाळंतपणांत गेली. बाप घरीं धान्य नाहीं म्हणून ठेवून गेला. फाल्गुनांत येऊन पाहून गेला. आली तेव्हां अंगावर कांहीं वस्त्र नव्हतें."

"काय?"

"वस्त्र नव्हतं, आक्का. ऐका पुढं. मी पेटींतून कापड काढीपर्यंत गोदूनें आपलें लुगडें मधोमध फाडलें आणि अर्धें हिच्या अंगावर घातलें. मी गोदूस विचारलें, ही तुझी कोण? ती म्हणाली, कोणी नाहीं. हिला थंडी वाजते. हिच्या अंगावर दुसरें कांहीं नसल्यामुळें तोच तुकडा या पानास लावीत आहें."

आक्कांना ते कळलं नाही असं वाटून बाई सोपं करून सांगणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला.

"परत वाचा. 'ही तुजी कोन' पासनं."

बाईंनी परत वाचलं.

"आजूक येकदा."

बाईंनी तिसऱ्यांदा वाचलं. आक्कांनी गोधडी तोंडाशी धरली होती, आणि त्यांचे खांदे हलत होते. दुसऱ्या गावच्या, दुसऱ्या आईबापाच्या दोन पोरी. एक जातेगावची, एक रावणगावची. रक्ताचं नातं कसलंच नाही. मुळात कापड खोटं बोललं नव्हतं, पण अर्धंच बोललं होतं.

"तुमची मुलं या पापानं गेली नाहीत," बाई म्हणाल्या. "पाप नव्हतंच इथं."

६

"मी काय सांगू ओसरीवर?" बाईंनी विचारलं. "वाटलं तर म्हणते, पानं माझ्या घरी सापडली. म्हातारपण आहे, विसरले म्हणते."

"तुमी कशापायी?" आक्का उठल्या, पदरानं तोंड पुसलं आणि पानं दोन्ही हातांवर घेऊन पुढं चालायला लागल्या.

ओसरीवर आबा, सत्यजीत आणि सायली होते. बाईंना बघून सत्यजीत उभा राहिला. आक्कांनी त्याच्याकडं बघितलंच नाही. पानं त्यांनी आबांच्या पुढ्यात ठेवली.

"मी काढली व्हती. मॅडमच्या पाया पड आदी, सत्या. मग विचार, का म्हणून."

सत्यजीतचा चेहरा उतरला. "आई, तू? आगं, पर..."

"पाया पड म्हणलं ना."

बाईंनी त्याला वाकू दिलं नाही. पण तो "चुकलो, मॅडम" म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

मग आक्कांनी सांगितलं. बायका चारचौघांत नवऱ्यासमोर बोलत नाहीत असं सगळं त्यांनी सांगितलं. चार रात्री मनात काय चाललं होतं, गेलेल्या लेकरांसह, आणि पानांत शेवटी काय निघालं तेही. सायली रडायला लागली. आबा खाली बघत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, "चार दिस एवढं घेऊन बसलीस? मला सांगायचं न्हाई व्हय?"

"काय सांगू? तुमी माझं भाऊ हाय आसं सांगू?"

आबांना हसूही येईना आणि रडूही. "पन्नास वर्सात तू माझं कवा ऐकलंस का? भैन आसतीस तर जरा तरी ऐकलं आसतंस."

सायलीला रडता रडता हसू फुटलं. सत्यजीतनं घसा खाकरला आणि हळूच विचारलं, "मॅडम, गोदूच्या पानावर जातीचं काय..."

बाईंनी चौथ्या पानाची शेवटची ओळ त्याच्यापुढं धरली. त्यानं स्वतः वाचली. जुनं अक्षर होतं, वेळ लागला. "जात विचारली नाहीं." त्यानं नववं बघितलं. तिथंही तेच होतं. मग तो म्हणाला, "दाखल्याचं दुसरीकडं बघू," आणि पान अलगद खाली ठेवलं.

ऊन कलायला लागलं होतं. दौंडची गाडी साडेपाचला होती. बाई निघणार तेवढ्यात आक्का म्हणाल्या, "बसा जरा. तुमी त्या पाव्हणीसाठी आमच्या घरातल्या समद्यांची नावं लिवून घेतली व्हती, गोदूपासनं खाली. त्यो कागद हाय का?"

होता. सायलीनंच बसून सांगितला होता तो. बाईंनी पिशवीतून काढला. जयसिंग आणि झुंबरबाई, खाली एकच रेघ, सत्यजीत.

"सत्याच्या आदी दोन नावं घाला."

सायलीनं आजीकडं बघितलं. त्या दोघांची नावं तिनं कधी ऐकली नव्हती. सत्यजीतनंही नाही. आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

बाईंनी पेन उघडलं. "सांगा, आक्का."

"थोरला दत्तू. त्यो उभं ऱ्हायला शिकला व्हता, दाराला धरून. लिवलं?"

"लिहिलं."

आक्का थांबल्या. दुसऱ्याचं बारसंही झालेलं नसणार, असं बाईंच्या मनात आलं. पण आबाच बोलले, घोगऱ्या आवाजात.

"धाकटी पोरगी व्हती. आमी तिला मैना म्हणायचो."